वणव्याच्या दिवसांत गावाने काय करावे

माघ सरला की मराठवाड्याचे शिवार रिकामे होऊ लागते. रब्बी ज्वारीची काढणी होते, कडब्याच्या पेंढ्या बांधून गंजी रचली जाते, तुरीच्या तुराट्या आणि कपाशीच्या पऱ्हाट्या धुऱ्यावर येऊन पडतात. त्याच सुमारास किनवट व माहूर तालुक्यांच्या डोंगरांत सागाची पाने गळून जमिनीवर त्यांचा जाड थर साचतो. लातूर जिल्ह्यात जंगल फारच थोडे. परंतु बालाघाटच्या माळावरील गवत, नाल्याकाठची झुडपे आणि उसाच्या फडातील पाचट ही तेथे जंगलाची जागा घेतात. सारांश, ज्या दिवसांत शेतकऱ्याची वर्षाची वैरण उघड्यावर येते, नेमक्या त्याच दिवसांत रान पेट घेण्यास तयार होते.

वन विभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा काळ आगीचा हंगाम म्हणून धरतो. या चार महिन्यांत डोंगरात कोठे ना कोठे आग दिसते आणि धूर गावावर उतरतो. तरीही धारा काढाव्या लागतात, हळद शिजवावी लागते, मुले शाळेत जातात, जनावरे पाण्यावर न्यावी लागतात. आग जवळ असताना ही रोजची कामे कशी करावी आणि ती शिवारात आलीच तर कोणत्या क्रमाने काय वाचवावे, याचा विचार या पाठात केला आहे. हा क्रम एका ओळीत सांगावयाचा तर तो असा : आधी माणूस, मग जनावर, मग वैरण व अवजार. क्रम सोपा आहे. पण पेटलेल्या गंजीसमोर तो आठवत नाही. म्हणून तो आधीच ठरवून ठेवावा लागतो.

१. आग येते कोठून?

वणवा आपोआप लागतो अशी समजूत आहे. वीज पडून किंवा वीजवाहिनीच्या ठिणगीने आग लागते हे खरे. परंतु आपल्या भागातील बहुतेक आगी माणसाच्या हातून लागतात. मोहाची फुले मार्च-एप्रिलमध्ये पडतात. ती पाचोळ्यात हरवू नयेत म्हणून झाडाखालचा पाला पेटविला जातो. तेंदूला नवी पालवी जोमाने फुटावी किंवा गवत लवकर हिरवे व्हावे या समजुतीने रान जाळले जाते. मध काढताना पेटविलेला टेंभा, अर्धवट विझलेली बिडी, वाटसरूंनी मांडलेली तीन दगडांची चूल, यांचाही त्यात वाटा असतो.

दुसरा मार्ग शेतातूनच जातो. धुरा साफ करण्यासाठी लावलेली काडी वाऱ्याने गवतात जाते आणि तेथून डोंगर चढते. उलट दिशेनेही हेच घडते. म्हणून जंगलाची आग व शेताची आग असा भेद करण्यात अर्थ नाही.

यावर उपाय आहेत. मोहाखालचा पाला खराट्याने झाडून बाजूला करावा आणि झाडाखाली जुनी साडी किंवा जाळी अंथरावी. फुलेही स्वच्छ मिळतात. पऱ्हाट्या व तुराट्या जाळण्याऐवजी यंत्राने बारीक करून कंपोस्टात घालाव्यात. उसाच्या पाचटाचा हिशेब तर प्रत्येकाने एकदा करून पाहावा. एक हेक्टर उसापासून साधारण ८ ते १० टन पाचट मिळते आणि त्यात सुमारे अर्धा टक्का नत्र असते. म्हणजे १० टन पाचट जाळणारा शेतकरी सुमारे ५० किलो नत्राला मुकतो. तेच पाचट सरीत पसरून हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट व १० किलो पाचट कुजविणारे जिवाणू संवर्धन टाकल्यास त्याचे खत होते आणि जमिनीतील ओल टिकते.

कायद्याची बाजूही गावास माहीत असावी. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ प्रमाणे राखीव वनात आग लावणे हा गुन्हा आहे. हेतुपुरस्सर किंवा घोर निष्काळजीपणाने आग लावली गेल्यास त्या वनातील चराईचे व वनोपजाचे हक्क काही काळ बंद ठेवण्याचा अधिकारही शासनास आहे. एकाच्या काडीने साऱ्या गावाची चराई जाऊ शकते. कलम ७९ प्रमाणे वनात चराईचे किंवा वनोपजाचे हक्क उपभोगणाऱ्यांवर आगीची वर्दी देण्याचे व ती विझविण्यास साहाय्य करण्याचे कर्तव्य आहे.

२. आगीचा स्वभाव

आगीला तीन गोष्टी लागतात : जळण, हवा आणि उष्णता. वणव्याशी झगडताना माणसाच्या हाती मुख्यत: एकच असते, ते म्हणजे जळण तोडणे. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले होते. ज्या प्रदेशात टंचाईच्या वर्षी पिण्याच्या पाण्याची अशी वानवा होते, तेथे आग पाण्याने विझवू या भरवशावर बसणे धोक्याचे आहे. आपल्याकडे आग पाण्यापेक्षा उघड्या मातीने अडते.

वारा आगीला दिशा देतो, चढ तिला वेग देतो. चढ सुमारे १० अंशांनी वाढला की आगीचा वर चढण्याचा वेग दुप्पट होतो, असा ढोबळ नियम आहे. ज्वाळा चढावरील गवताला आधीच तापवून ठेवतात, हे त्याचे कारण. तमिळनाडूतील थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरावर ११ मार्च २०१८ रोजी गवताच्या आगीत सापडून २० हून अधिक पदभ्रमण करणाऱ्यांचा अंत झाला. गवत गुडघाभर असो की कंबरभर, उतारावरील आगीच्या वर उभे राहणे हे मरणाच्या वाटेवर उभे राहणे होय.

आगीला वेळही असते. दुपारी ऊन व वारा यांनी ती भडकते. रात्री हवा गार झाली की मंदावते. पहाटे ती सर्वांत दुबळी असते. म्हणून धुमसती ठिकाणे विझविण्याचे काम पहाटे करावे.

३. माघातच करावयाची तयारी

पट्टा : जंगलाच्या किंवा माळाच्या बाजूस असलेल्या शेताच्या कडेने १० ते १५ फूट रुंदीचा पट्टा नांगरून व वखरून पूर्ण उघडा करावा. वन विभाग जंगलात जाळरेषा काढतो. हा पट्टा म्हणजे शेतकऱ्याची स्वत:ची रेषा. मात्र ती जाळून काढू नये, नांगरूनच काढावी. एकट्याचा पट्टा तुटक राहतो. शेजाऱ्यांनी मिळून तो सलग केल्यास एका ट्रॅक्टरच्या एका दिवसाच्या कामात साऱ्या वाडीचे रक्षण होते.

गंजी : वर्षाचा सारा कडबा एकाच गंजीत ठेवू नये. दोन गंजी कराव्यात आणि त्यांत अंतर ठेवावे. एक गेली तरी जनावरे पावसाळ्यापर्यंत तगतात. गंजी घरापासून व गोठ्यापासून निदान ५० पावले दूर असावी. ती वीजवाहिनीखाली किंवा रोहित्राजवळ रचू नये. सभोवती १५ फूट जमीन खरवडून ठेवावी. फाल्गुनात होळी पेटविताना गंजी वाऱ्याच्या कोणत्या अंगास आहेत हे आधी पाहावे.

गोठा : शेतातील आखाड्यावर बहुधा जनावरे रात्री बांधलेली असतात आणि माणूस एकच असतो. या हंगामात दावे निरगाठीने न बांधता सुरगाठीने बांधावे, म्हणजे एका ओढीत सुटते. दावणीजवळ मेढीला एक धारदार विळा कायम अडकवून ठेवावा. त्यास दुसऱ्या कामासाठी कोणीही हात लावू नये.

साहित्य : गावात एका ठरलेल्या ठिकाणी फावडी, कुऱ्हाडी, दाताळी, विजेऱ्या आणि पाण्याची पिंपे ठेवावीत. पाठीवरचा फवारणी पंप उपयोगी पडतो. पण औषधाचा अंश राहू नये म्हणून तो आधी स्वच्छ धुवावा.

वर्दी : वन विभागाचा मदत क्रमांक १९२६, आपत्कालीन क्रमांक ११२, अग्निशमन १०१, रुग्णवाहिका १०८, जनावरांसाठी १९६२ आणि वीजपुरवठ्याच्या तक्रारीसाठी १९१२ हे क्रमांक ग्रामपंचायतीच्या, शाळेच्या व दूध संकलन केंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावेत. वनरक्षक, पोलीस पाटील व सरपंच यांचे क्रमांकही त्यांच्याखाली असावेत. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून आगीची ठिकाणे टिपते आणि नाव नोंदविणाऱ्यास भ्रमणध्वनीवर संदेश पाठविते. तथापि उपग्रह दिवसातून ठरावीक वेळीच वरून जातो आणि लहान आग त्यास दिसेलच असे नाही. गावच्या डोळ्याला पर्याय नाही.

४. धुराच्या दिवसांतील रोजची कामे

समजा, चैत्राचे दिवस आहेत आणि गावापासून दोन कोसांवरच्या डोंगरात आग लागली आहे. वर्दी दिलेली आहे, वन विभागाची माणसे कामाला लागली आहेत. आग गावाकडे येत नाही. धूर मात्र येत आहे. अशा दिवसाची आखणी कशी करावी?

प्रथम धूर किती आहे हे पाहावे. याकरिता हवा स्वच्छ असतानाच गावापासून ५ किलोमीटरवरची व दीड किलोमीटरवरची अशा दोन खुणा ठरवून ठेवाव्यात. देवळाचे शिखर, पाण्याची टाकी, टेकडीवरचे झाड, काहीही चालेल. दूरची खूण धुराने दिसेनाशी झाली तर वृद्ध, लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि दम्याचे व हृदयविकाराचे रोगी यांनी घरातच राहावे आणि इतरांनी कष्टाची कामे थांबवावीत. जवळचीही खूण दिसेनाशी झाली तर हवा सर्वांनाच घातक आहे असे समजून शेतकाम बंद ठेवावे. दमट किंवा धुक्याच्या हवेत मात्र ही पारख चालत नाही.

पहाटे गार हवेमुळे धूर जमिनीलगत व सखल भागात साचून राहतो. एरवी उन्हाळ्यात शेतकरी पहाटेच कामाला लागतो; धुराच्या दिवसांत तसे करू नये. धारा, वैरण-पाणी एवढे उरकून थांबावे. ऊन वर आल्यावर धूर बहुधा उचलला जातो. तो उचलला की कडक उन्हापूर्वीच्या दोन-तीन तासांत आवश्यक तेवढे काम करावे. दुपारी ऊन व वारा दोन्ही वाढतात. त्या वेळी शेतात कोणी राहू नये, फक्त डोंगराकडे नजर ठेवणारा माणूस असावा. संध्याकाळी जनावरे दिवस मावळण्यापूर्वीच घरी आणावीत. रात्री दोघादोघांनी पाळीने राखण करावी.

आगीशी संबंध येणारी कामे या दिवसांत पुढे ढकलावीत. अर्धापूर-हदगाव भागात याच सुमारास हळद शिजविली जाते. कढईखालचा किंवा बाष्पक यंत्राखालचा जाळ वाऱ्याच्या दिवशी पेटवू नये. काम थांबविता येत नसेल तर सभोवतीची जमीन ओली करून, जवळ पाण्याचे पिंप व एक मोकळा माणूस ठेवूनच ते करावे. मळणी यंत्र व ट्रॅक्टर यांच्या धुराड्यातील ठिणगी भुसकटात पडते. यंत्र वाऱ्याच्या दिशेने लावावे, म्हणजे भुसकट त्याच्याकडे न येता दूर जाईल. गुऱ्हाळाच्या चुलवणाबाबतही हीच दक्षता घ्यावी.

तोंडाला ओला रुमाल बांधण्याची पद्धत आहे. रुमालाने राख व जाड कण अडतात; फुप्फुसात खोल जाणारे सूक्ष्म कण अडत नाहीत. त्यासाठी नाकातोंडावर घट्ट बसणारा एन-९५ मुखपट्टा लागतो. तो मिळाला नाही तर रुमालाच्या भरवशावर धुरात काम वाढवू नये, काम कमी करावे. वणव्याचा धूर किती दूर जातो हे जून २०२३ मध्ये जगाने पाहिले : कॅनडातील जंगलांच्या धुराने शेकडो किलोमीटर दूरच्या न्यूयॉर्क शहराचे आकाश नारिंगी झाले होते. दोन कोसांवरचा धूर दूर आहे असे म्हणून चालत नाही.

घरात दिवसा दारे-खिडक्या लावाव्यात आणि धूर ओसरला की उघडाव्यात. पत्र्याचे घर बंद ठेवल्यास उष्माघाताचा धोका असतो. अशा कुटुंबातील वृद्धांनी व मुलांनी माळवदाच्या घरात किंवा शाळेच्या खोलीत दुपार काढावी. लाकडाची चूल बंद घरात पेटवू नये. पाण्याचे रांजण व हौद झाकावेत. धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर होणे ही लक्षणे दिसताच १०८ क्रमांकावर कळवावे.

जनावरांनाही धूर बाधतो. बैलांना त्या दिवसांत औताला व गाडीला जुंपू नये. पाणी भरपूर व अधिक वेळा पाजावे. वैरणीवर राख पडली असल्यास ती झटकून घालावी. खोकणारे, धापणारे किंवा चारा सोडलेले जनावर पशुवैद्यकास दाखवावे. भारी धूर लागलेल्या जनावरास धूर गेल्यानंतरही काही आठवडे कष्टाचे काम देऊ नये.

५. आग शिवारात आली तर

प्रथम वर्दी, मग धाव. एक माणूस केवळ दूरध्वनीसाठी व एक केवळ वाऱ्यावर लक्ष ठेवण्यासाठी असावा. बाकीच्यांनी एकाच माणसाचे ऐकावे. वनरक्षक आले असल्यास ते सांगतील तसेच करावे.

जनावरे सोडून वाऱ्याच्या आडव्या अंगाने नांगरलेल्या रानात न्यावीत. भेदरलेले जनावर सवयीने पुन्हा गोठ्यात धावते. म्हणून ते बाहेर काढताच गोठ्याचे कवाड किंवा ताटी लावून टाकावी. वेळ नसेल तर दावी कापून मोकळे करावे.

कंबरेखालची गवताची आग कडुनिंबाच्या किंवा पळसाच्या हिरव्या डहाळ्यांनी विझविता येते. डहाळी उंच उचलून आपटू नये, ठिणग्या उडतात. ती आगीवर दाबून जळालेल्या बाजूकडे ओढावी. मागच्या व बाजूच्या अंगापासून सुरुवात करावी. आगीच्या तोंडासमोर उभे राहू नये. ट्रॅक्टर असल्यास आगीच्या बरेच पुढे दोन तास मारून पट्टा काढावा. कंबरेपेक्षा उंच ज्वाळा हे गावकऱ्यांचे काम नव्हे. समोरून आग लावून आग विझविण्याचा प्रयोगही अनुभवी वन कर्मचाऱ्यांखेरीज कोणी करू नये.

परतीची वाट आधी ठरवावी. नांगरलेले काळे रान हा सर्वांत जवळचा आसरा. नसल्यास पूर्ण जळून थंड झालेली जागा. घळीत, नाल्यात किंवा चढावर आश्रय घेऊ नये. अंगावर सुती व अंगाबरोबर कपडे असावेत; नायलॉनची साडी किंवा सदरा वितळून कातडीला चिकटतो. कपडे पेटल्यास धावू नये, जमिनीवर लोळावे. भाजलेल्या जागेवर २० मिनिटे स्वच्छ गार पाणी सोडावे व ती स्वच्छ कापडाने झाकावी. हळद, शाई, दंतमंजन यांपैकी काहीही लावू नये.

आता सर्वांत कठीण गोष्ट. गंजी पेटली की शेतकरी तिच्यातील पेंढ्या ओढून काढू लागतो. ती त्याच्या गुरांची चार महिन्यांची भाकर असते. त्याची धडपड समजण्यासारखी आहे. पण पेटलेली गंजी आतून जळते आणि अचानक ढासळते. ती सोडून द्यावी आणि दुसरी गंजी, गोठा व घर वाचवावे. कडबा पुन्हा मिळतो, उसने घेता येतो. कर्ता माणूस गेला तर ते घर उभे राहणे कठीण.

६. आग विझल्यानंतर

ज्वाळा गेल्या म्हणजे आग गेली असे नाही. जुने बुंधे, उकिरडा, गोवऱ्यांचा ढीग आणि काळ्या जमिनीच्या भेगांतील मुळ्या दोन-दोन दिवस धुमसत राहतात. पहाटे जाऊन ती ठिकाणे उकरावीत, पाणी किंवा माती घालावी आणि हाताची पालथी बाजू जवळ नेऊन ऊब पाहावी. मुळाशी जळालेले झाड अवचित पडते. त्याखाली थांबू नये. गरम राखेत जनावरे सोडू नयेत, त्यांचे खूर भाजतात. ठिबकच्या वितळलेल्या नळ्यांत मिसळलेली वैरण घालू नये.

नुकसान झाले असल्यास जागा साफ करण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत आणि महसूल विभागाकडे पंचनाम्यासाठी अर्ज द्यावा. मृत जनावराचा पंचनामा व शवविच्छेदन पशुवैद्यकाकडून करून घ्यावे. ज्याची वैरण गेली त्यास गावाने घरटी पाच-दहा पेंढ्या द्याव्यात. हा परतफेडीचा व्यवहार पावसाळ्यानंतर करता येतो. उसाचे वाढे, सोयाबीनचे भुसकट व तुरीचा भुसा यांनी मधले दिवस निघतात. मात्र चारा एकदम न बदलता हळूहळू बदलावा.

७. ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांसाठी

हा पाठ माघ महिन्यात, पट्टे काढण्यापूर्वी, ग्रामसभेत किंवा आखाड्यावर वाचून दाखवावा. वाचनानंतर पुढील प्रश्नांवर चर्चा घडवून आणावी.

(१) आपल्या शिवारात जंगलाकडून किंवा माळाकडून आग येण्याच्या वाटा किती? त्यांपैकी कोणत्या वाटेवर सलग पट्टा नाही?

(२) गावात किती गंजी घराला किंवा गोठ्याला लागून आहेत?

(३) कोणत्या घरांत वृद्ध, तान्ही मुले किंवा दम्याचे रोगी आहेत? त्यांना धुराच्या दिवशी कोणी व कोठे न्यावे?

(४) आखाड्यावर रात्री एकटा राहणाऱ्या सालगड्याला वर्दी कशी देता येईल व त्याची वर्दी गावाला कशी मिळेल?

(५) मोहाची फुले वेचणाऱ्या कुटुंबांना जाळी देण्याची सोय ग्रामपंचायत करू शकेल काय?

सभा संपण्यापूर्वी प्रत्येकाने एकदा सुरगाठ बांधून व सोडून दाखवावी. काम क्षुल्लक वाटेल. पण मध्यरात्री धुरात चाचपडणाऱ्या हातांना तेवढेच आठवते. वणवा येईल की नाही हे शेतकऱ्याच्या हाती नाही. तो आल्यावर त्याला पुढे काय सापडेल, उघडी माती की वाळलेले गवत, सुटलेले दावे की बांधलेले जनावर, हे मात्र पूर्णपणे त्याच्या हाती आहे, आणि ते माघातच ठरते.